मैदानाच्या जागी टॉवर

क्लबच्या फुटबॉल टीमने अगदी शेवटी गोल खाल्ला आणि ताई मैदानाच्या पायऱ्यांवर उभी राहून गोलकीपरवर तुटून पडली.

"अरे, बॉल होता तो! तापलेलं पातेलं नव्हतं, हात मागे घ्यायला!"

गोलकीपरला सगळे चाळणी म्हणत. हे नाव ताईनेच ठेवलं होतं आणि ते त्याला असं चिकटलं की समोरच्या टीमचे लोकही त्याला त्याच नावाने चिडवायला लागले होते.

"बस गं आता," शेजारचे शिंपीकाका म्हणाले. "त्याला ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही, दिसत नाही, हाताला काही लागत नाही. मग ठेवलाय कशाला? शोभेला?"

पलीकडे पहिलवान डोळे पुसत होता. पहिलवान म्हणजे बेकरीवाला. मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून जिना चढणारा दांडगा माणूस, पण टीम हरली की त्याला रडू फुटायचं. आणि टीम तर हरायचीच. गुणतक्ता हातात आला की हे लोक तो खालून वाचायला घेत, म्हणजे शोधायचा वेळ वाचायचा.

या चौघांतला चौथा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, कानशिलं पिकली, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो वायरमन होता. मॅच चालू असताना तो फारसा बोलायचा नाही, पण ताईचं ओरडून झालं की तिच्या हातात पाण्याची बाटली द्यायचा.

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून पॉलिश करायचं. डॉक्टरांना तिच्याच हातची कवळी लागायची. लोकांच्या तोंडात हसू बसवणारी ही बाई स्वतः मात्र क्वचित हसायची, असं शिंपीकाका तिच्या तोंडावर म्हणत. हसायची ती एकाच ठिकाणी, बेकरीच्या माडीवर.

माडीवर चौघांची छोटी रेल्वे होती. खाली भट्टी असल्याने खोली सदा कोरडी आणि ऊबदार असे, पावाचा वास भिंतींत मुरलेला. भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या एकमेकींना नटबोल्टने जोडलेल्या, आणि त्यांवर त्यांचं अख्खं शहर: स्टेशन, मालधक्का, रेल्वे फाटक, वार्निशचे थर देऊन केलेली नदी, तिच्यावरचा पूल. डोंगर पहिलवानाचे, तो कागदाचा लगदा कणकेसारखा मळायचा. तंबूपासून झेंड्यांपर्यंत कापडाचं सगळं शिंपीकाकांचं. सिग्नल, दिवे, रुळांचे सांधे बदलायच्या मोटारी धाकट्याच्या. इमारती आणि माणसं ताईची. स्टेशनचं छप्पर तिने कवळीच्या उरलेल्या मालातून केलं होतं, त्यामुळे ते अगदी हिरडीसारखं गुलाबी होतं.

"गाडी स्टेशनात शिरते की तोंडात?" काका विचारायचे.

रुळांच्या कडेला त्यांचं मैदान होतं, खऱ्यासारखंच. खऱ्या मैदानाच्या मागूनही गाड्या जातात, आणि खिडकीतल्या लोकांना एक क्षणभर खेळ दिसतो. मॉडेलमधल्या पायऱ्यांवर ताईने मेणाची माणसं बसवली होती, एकेक ओळखू येईल अशी. काका हात उगारून उभे, पहिलवान तोंड झाकून. वरच्या पायरीवर टोपी घातलेले, मांडीवर पेपरची घडी ठेवलेले तिचे बाबा. ताईला आणि धाकट्याला हाताला धरून मैदानावर पहिल्यांदा त्यांनीच आणलं होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मॉडेलमध्ये मात्र ते प्रत्येक मॅचला हजर असत.

क्लबचे अध्यक्ष एकदा अचानक माडीवर आले. ते गेल्या मोसमापासूनचे नवे. चकचकीत बूट, मऊ आवाज, समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून बोलायची सवय. फळ्यांभोवती फिरून त्यांनी सगळं बघितलं, वाकून मेणाच्या माणसांना नमस्कारसुद्धा केला.

"हे इथे माडीवर कोंडून ठेवायचं? वार्षिक सभेत सभासदांना बघू दे की. मैदानाच्या नूतनीकरणाचा विषय आहे. आपलं मैदान काय चीज आहे ते सगळ्यांना कळू दे."

ताई विरघळली. तिच्या कामाचं कौतुक लॅबमध्ये कोण करणार? बरी बसलेली कवळी कुणाला दिसतच नाही, आणि वाईट बसलेली परत येते.

अध्यक्ष गेल्यावर काका म्हणाले, "मला हा माणूस पटत नाही. मॅच चालू असताना खेळाडूंकडे बघत नाही. कुंपणाच्या भिंतीकडे बघत असतो."

"काका, तुम्हाला कोण पटतं?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात जरा धार होती. "हॉलमध्ये मांडायचं मी बघतो. शनिवारी तुम्ही तिघं बाहेरगावच्या मॅचला जा. माझी एक मॅच हुकली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

शनिवारी फळ्या टेम्पोत चढवून तिघं मॅचला गेले. टीमने तिथे सपाटून मार खाल्ला. परतीच्या बसमध्ये पहिलवान खिडकीला कपाळ टेकून बसला होता आणि ताई म्हणत होती, "उद्या तरी मान वर करून बसू. उद्या आपला दिवस आहे."

रविवारी सकाळी क्लबचा हॉल भरला होता. मॉडेल मधोमध मांडलेलं. गाड्या सुरू होत्या. मालगाडी पुलावरून जात होती, फाटकाचा दिवा लाल होत होता. लोक बोट दाखवून आपापली घरं शोधत होते. फक्त मैदानाच्या फळीवर हिरवं कापड टाकलेलं होतं.

"हे कशाला झाकलंय?" ताईने विचारलं.

"अध्यक्षांना अनावरण करायचंय," धाकटा म्हणाला. तो बटणांच्या पेटीजवळ उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. तिला वाटलं, कामात आहे.

पहिल्या रांगेत कोटातली अनोळखी माणसं बसली होती. अध्यक्षांनी भाषण केलं. परंपरा म्हणाले, नवी झेप म्हणाले, आणि कापड ओढलं.

ताईला आधी वाटलं, फळी चुकली. मग तिला गुलाबी छप्पर दिसलं. स्टेशन तेच, रूळ तेच, नदी तीच. मैदान नव्हतं. गोलपोस्ट नव्हते, पायऱ्या नव्हत्या, माणसं नव्हती. तिथे पांढरेशुभ्र टॉवर उभे होते, छताला हात लावतील असे, आणि त्यांच्या शेकडो खिडक्यांत पिवळे दिवे लागले होते. खाली चार प्लास्टिकची झाडं आणि एक घसरगुंडी. पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. प्रवासी गाडी टॉवरच्या मागून झुकझुक करत निघून गेली.

"मैदान जात नाहीये," अध्यक्ष मऊ आवाजात सांगत होते. "मैदान फक्त हलतंय. शहराबाहेर, मोठं, सुसज्ज. आज सभासदांनी ठराव मंजूर केला की..."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, खुर्ची मागे पडली.

"थांबा! आमच्या मॉडेलला हात लावायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?"

"ताई, मी तुमच्या भावना समजतो..."

"माझ्या भावना राहू द्या. मी साधा प्रश्न विचारलाय. नोटिशीत नूतनीकरण लिहिलं होतं. हे नूतनीकरण आहे? माझ्या हाताने केलेलं शहर घेऊन, माझ्याच मैदानावर नांगर फिरवून तुम्ही मलाच दाखवताय?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तोपर्यंत शिंपीकाका फळीपाशी जाऊन गुडघे टेकून खाली वाकले होते. टॉवरच्या वायरी फळीच्या खालून आल्या होत्या, आणि त्या जागोजागी हिरव्या दोऱ्याने बांधल्या होत्या. काकांनी एक गाठ चिमटीत धरली.

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा चढा आवाज पार खाली आला होता, "हा माझा दोरा आहे. टीमच्या जर्सीचा. मी धाकट्याला वायरी बांधायला रीळ दिलं होतं."

ताईने वळून भावाकडे बघितलं. तो बटणांच्या पेटीवर हात ठेवून उभा होता, शाळेत चूक सापडल्यावर उभा राहायचा तसा.

"तू?"

"ताई, घरी बोलू."

"घरी कशाला? टॉवर तू घरी उभे केलेस का? इथे बोल. तू केलंस हे?"

"हो, मी केलं!" तो एकदम ओरडला. "काय बिघडलं? बांधकामाच्या वायरिंगचं काम मला मिळणार होतं. सगळ्या टॉवरचं. कुणाचे पंखे बसव, कुणाची घंटा दुरुस्त कर, किती वर्षं हेच करू? तुझी नोकरी पक्की आहे, तुला काय कळणार. आणि टीम? कधी जिंकली शेवटची, सांग ना! हरण्यासाठी एवढी जागा कशाला लागते?"

मागून कुणीतरी "लाज वाटू दे" म्हणालं. ताईला ते ऐकूही आलं नाही.

"काम कर. टॉवर बांध, किल्ला बांध, मला काय करायचंय," ती म्हणाली. "पण तू गेले कित्येक शनिवार माझ्या शेजारी बसून मॅच बघत होतास. माझ्या हातात पाणी देत होतास. आणि पोटात हे ठेवून?"

त्याने पेटीवरचा हात काढून घेतला.

"बाबा कुठायत?"

"काय?"

"पायरीवर बाबा बसले होते. टोपी घालून. कुठे ठेवलेस?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने याचा विचारच केला नव्हता, हे सगळ्या हॉलला दिसलं. "पायऱ्या एका तुकड्यातच निघाल्या," तो पुटपुटला. "ह्यांच्या माणसांनी उचलल्या... कचऱ्यात गेल्या असतील."

ताईचा हात वर गेला. पहिलवानाने मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"सोड," ती म्हणाली. "नाही मारत. उद्या मला कामावर जायचंय, हात खराब करून घेणार नाही मी."

तिने जाऊन भिंतीतला प्लग उपटला. गाड्या जागच्या जागी थांबल्या, टॉवरचे दिवे विझले. मग तिने एक टॉवर बुंध्याशी धरला आणि उखडून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला, फेकला नाही, नीट ठेवला, लॅबमध्ये कवळी ठेवावी तसा. मग दुसरा. मग बाकीचे.

"हे तुमचे. बाकीचं आमचं. आम्ही घेऊन चाललो."

"अहो, सभा चालू आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ नव्हता. "असं अर्ध्यातून नेता येणार नाही."

"अडवा," पहिलवान म्हणाला. एवढंच म्हणाला. पाना घेऊन त्याने बोल्ट सोडवायला सुरुवात केली होती आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्याला अडवायला कुणी पुढे आलं नाही.

उलट मागच्या रांगेतली माणसं उठली. एक बस ड्रायव्हर, दोन नर्स, दर मॅचला रेफरीला शिव्या घालणारे एक म्हातारे आजोबा. एकेका फळीला चौघे लागले. स्टेशन गेलं, पूल गेला, डोंगर दारातून तिरका करून काढावा लागला. अध्यक्ष माइकवरून शांत राहायला सांगत होते आणि माणसं त्यांच्यासमोरून शहर उचलून नेत होती.

फळ्या बाहेरच्या व्हरांड्यात ठेवून सगळे परत आत आले, कारण काकांनी दारातूनच ओरडून सांगितलं, "घरी जाऊ नका, मत द्यायचंय!" हात वर झाले. ठराव पडला. फार मोठ्या फरकाने नाही, पण पडला. ज्यांनी बाजूने हात वर केले त्यांत दर शनिवारी बरोबर मॅच बघणारेही होते, ते ताईने बघून ठेवलं. आनंदाने कुणी नाचलं नाही. ताई तर खुर्चीवर बसून होती, आणि कुणी अभिनंदन करायला आलं की त्याच्यावर खेकसत होती.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती आणि काका क्लबच्या मागच्या कचराकुंडीपाशी गेले. कुंडी रिकामी झाली होती.

अध्यक्ष खुर्चीवर राहिले. अशी माणसं कुठे जातात? पुढच्या मॅचला त्याच चकचकीत बुटांत आले आणि लोकांचे हात दोन्ही हातांत धरत फिरले. ताईच्या पुढ्यात आले तेव्हा तिने हात पाठीमागे बांधले. मोसम संपता संपता टीम खालच्या गटात घसरली. त्या दिवशी ताई ओरडली नाही. काकांना त्याचीच जास्त काळजी वाटली.

धाकटा मैदानावर यायचा बंद झाला होता. टॉवरच गेले म्हटल्यावर अध्यक्षांनी त्याचा फोन उचलायचं सोडून दिलं. भावजय एक दिवस लॅबमध्ये आली, डबा द्यायचं निमित्त करून.

"ताई, ते जेवताना मान वर करत नाहीत. तुम्ही एकदा बोला ना."

"मला राग आलाय गं," ताई म्हणाली. हातातल्या मेणावरून तिने नजर काढली नाही. "आणि तो जात नाहीये. सकाळी उठते तेव्हा माझ्याआधी तो उठून बसलेला असतो. तुझ्यावर नाही, पोरांवर नाही. पण त्याला म्हणावं, मला तोंड दाखवू नकोस इतक्यात."

माडीवर फळ्या पुन्हा जोडल्या होत्या, पण मैदानाच्या जागी नुसतं खरवडलेलं लाकूड होतं. पहिलवानाने दोनदा विचारलं, नवं करूया का. ताई म्हणाली, हात लावू नकोस. शिवाय सिग्नल चालत नव्हते. ओढून काढताना वायरी तुटल्या होत्या, आणि कुठली वायर कुठे जाते हे एकाच माणसाला माहीत होतं.

एका सुट्टीच्या दुपारी ती नदीवरची धूळ पुसत असताना जिन्यावर पावलं वाजली. धाकटा दारात उभा राहिला. हातात हत्यारांची पिशवी. वाळला होता.

"पहिलवान म्हणाला, सिग्नल बंद आहेत."

"पहिलवानाला फार बोलायला होतं हल्ली."

तो आत आला नाही. "मी चुकलो," तो म्हणाला.

"हो."

"बाबांचं... खरंच माझ्या लक्षात नाही आलं, ताई."

"तेच तर!" फडकं तिने फळीवर आपटलं, तशी मालगाडी रुळावरून उतरली. "लक्षात ठेवून केलं असतंस तर मी म्हटलं असतं, नालायक आहे. तुझ्या लक्षातच आलं नाही! आणि काम हवं होतं तर मला सांगायचं. मी डॉक्टरांकडे गेले असते, दारोदार फिरले असते तुझ्यासाठी."

"फिरली असतीस. माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हणूनच नाही सांगितलं. शाळेची फी तू भरलीस, पहिलं हत्यार तू घेऊन दिलंस, लग्नातही तूच. एक काम मला माझ्या जोरावर मिळवायचं होतं. तर हे असं मिळवायला गेलो."

ताई काहीतरी सणसणीत बोलणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. पिकलेली कानशिलं, पट्टा शिवून घेतलेली पिशवी. तिला त्याची दया आली नाही. उलट, आता नीट रागावताही येईना म्हणून आणखी राग आला.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलीही नाही."

"मागू नकोस. इतक्यात तर नाहीच." तिने मालगाडी उचलून रुळावर ठेवली, हात पुसले, चपला घातल्या. "वायरी खालच्या बाजूला तुटल्यात. दिवा खिडकीत आहे."

त्याला दारातून बाजूला सरावं लागलं, इतकी ती सरळ चालत गेली. खाली पहिलवान भट्टीसमोर उगाचच काहीतरी झाडत होता.

"वर तो आहे," ताई म्हणाली. "चहा नेऊन दे. मी सांगितलं म्हणू नकोस."

"बरं."

"आणि पुन्हा मला न विचारता कुणाला बोलावलंस तर तुझ्याशीही बोलणार नाही."

"बरं," पहिलवान म्हणाला आणि लगबगीने आधण ठेवायला गेला.

ताई रस्त्यावर आली. वरच्या खिडकीत दिवा लागलेला तिला दिसला, पण ती थांबली नाही. कोपरा वळल्यावर तिच्या लक्षात आलं की इतका वेळ दात आवळून धरल्यामुळे तिचा जबडा चांगलाच दुखतोय.